दुसऱ्या शेगडीचा अर्ज

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या खात्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात, आणि साहेब सहसा कोणाबद्दल बरं बोलत नाहीत. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतो आहे. नळ द्या, नळ तोडा, शेजाऱ्याला दिलात तो मला का नाही. कुठली ओळ घातली की अर्ज पुढे सरकतो आणि कुठली घातली की कपाटात झोपतो, ते मला पाठ आहे. त्यामुळे घरात दुसरी शेगडी आणायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

दोन माणसांच्या घरात दुसरी शेगडी कशाला, ही कसली थेरं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या हिचं मनगट मोडलं. चादर पिळताना. पडली नाही, घसरली नाही, उभ्या उभ्या ओली चादर पिळत होती आणि काडकन आवाज आला. मी बाहेर पेपर वाचत होतो. "खुंटी तुटली का गं?" असं मी बसल्या जागेवरून विचारलंसुद्धा. हिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि विचारलं, बाईंचं वय काय. छपन्न म्हटल्यावर त्यांनी फोटोवरचं नाव पुन्हा वाचून घेतलं. हाडं पंच्याहत्तरीची होती. तिथून रक्ताची तपासणी, तिथून पोटाच्या डॉक्टरीणबाई, तिथून घशातून नळी घालून आतड्याचा एक कण काढणं. शेवटी आजाराचं नाव कळलं, सीलिॲक. म्हणजे गव्हात ग्लुटेन म्हणून जे काही असतं ते हिच्या आतड्याला सोसत नाही. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, आतलं अस्तर झिजून जातं आणि मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. रक्त कमी, हाडं ठिसूळ, तोंड सारखं आलेलं, पोट सारखं फुगलेलं. ही घरी शिवणकाम करते. तिच्या बोटांची टोकं दोन-तीन वर्षांपासून बधिर झाली होती. सुई बोटात शिरली तरी कळायचं नाही, कापडावर लाल ठिपका दिसला की कळायचं. तेही त्यातलंच निघालं.

इतकी वर्षं आम्ही या सगळ्याला 'हिची प्रकृती नाजूक' म्हणत होतो. चार लोकांत मी विनोदही करायचो, की आमच्या हिला आजार नाहीत, आजारांची हौस आहे. लोक हसायचे. ही चहाचे कप गोळा करून आत जायची.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बारीकसारीक सगळं विचारणाऱ्या. त्यांनी विचारलं, "मुलं?"

"नाहीत," मी म्हणालो. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, ही माझी खात्यातली सवय.

"दोन गेली," ही म्हणाली. "पोटातच. एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यालाही हेच कारण असू शकतं. नक्की नाही सांगता येणार आता. पण तेव्हा कळलं असतं, तर कदाचित..."

बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत बसली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, एवढं मलाही कळत होतं. मी म्हणालो, "गाळणीसुद्धा वेगळी आणावी लागेल म्हणतात." हिने मान हलवली. घर येईपर्यंत मी मग गाळणीबद्दलच बोलत होतो.

त्या दिवसापासून हिने गव्हाला तोंड लावलं नाही. भात खाल्ला, मका खाल्ला, बटाटे खाल्ले, एकदा चुकूनसुद्धा बिस्किटाकडे बघितलं नाही. पण सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर जो आकडा दहाच्या खाली यायला हवा तो नव्वदच्या खाली उतरायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू कुठूनतरी जातोय पोटात, एक कणही पुरतो. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, पण तेव्हाही आकडा असाच राहिला, तर बोटं कायमची बधिर राहतील, पुढचं मोडेल ते खुब्याचं हाड असेल, आणि आतड्यात याहून वाईटही काही होऊ शकतं. त्या वाईटाचं नाव त्यांनी घेतलं, मी इथे घेत नाही.

मी हादरलो. हादरलेला सरकारी माणूस जे करतो तेच मी केलं. योजना आखली. बाल्कनी बंद करून तिथे हिच्यासाठी वेगळं स्वयंपाकघर. वेगळा ओटा, वेगळी भांडी, वेगळी शेगडी. गव्हाचा आणि हिचा संबंधच यायला नको. कागदावर नकाशा काढला, आणि तो इतका सुरेख आला की मी तो ऑफिसात नेऊन साहेबांनाही दाखवला.

बातमी फुटल्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्यांना वैद्यक येऊ लागलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "थोडं थोडं खायची सवय करा हो, विषसुद्धा पचतं माणसाला." सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, हे मनाचे खेळ आहेत, त्यांच्या बँकेत एकाला नोटांच्या वासाने शिंका यायच्या, बदली केली तर थांबल्या. हिची बदली कुठे करायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, फोनवर म्हणाली, "बाळू, आपल्या वेळी नव्हते रे असले आजार." होते. आपल्याच घरात होता. पण ताईपुढे माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासून.

सुताराने ओटा अर्ध्यावर आणला आणि मी विजेची शेगडी घेऊन आलो. ती लावली मात्र, घरातले दिवे गेले, जिन्यातले गेले, आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. आत सेक्रेटरी होते, त्यांच्या हातात डझनभर अंडी होती. पन्नास मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा अंडी शाबूत होती, पण आमचे संबंध नव्हते. दुसऱ्याच दिवशी खाली फलकावर सूचना लागली, की जुन्या तारांवर विजेच्या शेगड्या चालवू नयेत. माझं नाव घातलं नव्हतं, फक्त मजला आणि दाराचा रंग दिला होता. राहिला गॅस.

गॅसच्या ऑफिसात खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. मी अर्ज पुढे केला. अक्षर बघून त्या जरा सरळ बसल्या, हे मी नमूद करून ठेवतो.

"दुसरी जोडणी? घरात कुटुंबं किती?"

"एक."

"मग जोडणीही एकच."

"पण माझ्या बायकोला गहू चालत नाही."

"गव्हाचा रकाना नाही हो त्यात," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी चेष्टेने म्हटलं नाही. त्यांनी मला खरोखर तीन नमुने दाखवले. नवीन घर, नावात बदल आणि विभक्त कुटुंब. एका पत्त्यावर दुसरी शेगडी हवी, तर दोन विभक्त कुटुंबं हवीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं, आणि वर जेवणाची सुट्टी झाली म्हणून खिडकी लावून घेतली असती.

मी विभक्त कुटुंबाचा नमुना घरी आणला. आता खरं सांगतो, तो भरताना मला मजा आली. 'आम्ही उभयता पतिपत्नी एकाच पत्त्यावर राहत असलो तरी एक तारखेपासून स्वतंत्रपणे, स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना विभक्त राहत आहोत.' एक खाडाखोड नाही. हिच्या मशीनवर कागद ठेवून मी म्हणालो, "इथे सही कर." एरवी ही मी दाखवीन तिथे सही करते. त्या दिवशी तिने चष्मा लावला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. मला वाटलं, माझी भाषा आवडली असणार.

त्या नमुन्याची एक प्रत पंधरा दिवस इमारतीच्या फलकावर लावावी लागते, कोणाची हरकत असल्यास. विजेच्या शेगडीच्या सूचनेशेजारीच ती लागली.

हरकत सगळ्यांचीच होती. वहिनी डोळे पुसतच आल्या आणि हिला म्हणाल्या, तुझ्या जागी मी असते तर दहा वर्षांपूर्वीच गेले असते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सेक्रेटरी लिफ्टचं विसरून मला गच्चीवर घेऊन गेले आणि संसारात तडजोड कशी करावी यावर तासभर बोलले. त्यात त्यांनी स्वतःच्या संसारातली इतकी उदाहरणं दिली, की आता त्यांच्या बायकोला जिन्यात गाठ पडल्यावर माझी मान खाली जाते. ऑफिसात साहेबांनी रजा हवी का विचारलं. मी प्रत्येकाला गहू, आतडं, ग्लुटेन, गॅसचा नियम असं पहिल्यापासून समजावत होतो, आणि प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "असू दे, कारणं काहीही असतात."

शनिवारी ताई बॅग घेऊन थडकली. सगळं ऐकून घेतलं आणि हिच्यादेखत मला म्हणाली, "करायचं होतं तर आई सांगत होती तेव्हाच करायचं होतंस. आता या वयात कसले हे चाळे."

मी हिच्याकडे बघितलं. ही कापडावर खडूने रेघ ओढत होती. रेघ सरळ होती. मला वाटलं, ताई कशाबद्दल बोलतेय ते हिला कळलंच नसेल. मी अशीच समजूत करून घेत आलोय, जन्मभर.

या गडबडीत अडीच महिने गेले. हिचं वजन आणखी दोन किलोंनी उतरलं. जिना चढताना ती आता प्रत्येक वळणावर थांबायची, आणि मी वरून म्हणायचो, "एकदा जोडणी मिळू दे, मग बघ."

मग एका मंगळवारी सकाळी गॅस ऑफिसचे तपासनीस आले. सडपातळ, नम्र गृहस्थ, हातात फाइल आणि मोजपट्टी. बाल्कनी मोजली, अर्धा ओटा मोजला, म्हणाले, "नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं विचारावं लागतं." आधी मला विचारलं, विभक्त कधीपासून. मी अर्जातली तारीख सांगितली. ते आतल्या खोलीत गेले. ही मशीनवर होती. मी दारातच उभा राहिलो, न जाणो, ही भोळेपणाने गव्हाचं सांगून बसायची.

"विभक्त कधीपासून, बाई?"

"एकतीस वर्षं झाली," ही म्हणाली.

तपासनिसांनी फाइल चाळली. "अर्जात तर या महिन्याची एक तारीख आहे."

"ती ह्यांची तारीख. माझी वेगळी आहे."

मी आत पाऊल टाकलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"दुसरं मूल गेलं," ही म्हणाली, "तेव्हा दवाखान्यातून मी घरी आले त्याचा पाचवा दिवस. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, हिच्या पोटातच खोट आहे, हिला माहेरी पाठवून दे आणि दुसरी कर. नणंदही होती. मी आतल्या खोलीत पडले होते, दार नुसतं लोटलेलं होतं. हे म्हणाले, बघू."

"मग?" तपासनिसांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

"मग काही नाही. दुसरी नाही केली ह्यांनी. पण नाही करणार, असंही कधी म्हणाले नाहीत. मी बरीच वर्षं वाट बघितली." तिने मशीनवरचा दोरा तोडला. "खोट होती, ते खरंच निघालं. पण ती माझी नव्हती, गव्हाची होती. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

'बघू' हा आमच्या खात्यातला शब्द. अर्ज मंजूरही करायचा नसतो आणि नाकारून वाईटपणाही घ्यायचा नसतो, तेव्हा म्हणायचा. आईपुढे मला नाही म्हणवलं नाही. मला दुसरी बायको नको होती, हे देवाशपथ खरं आहे, पण ते मी माझ्यापुरतंच ठेवलं. हिने ऐकलं असेल असं मला एकतीस वर्षांत वाटलं नाही. खरं म्हणजे वाटू दिलं नाही. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी जाऊन तपासनिसांसाठी पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही. जाताना मला नमस्कारही केला नाही.

ते गेल्यावर मी म्हणालो, "एवढं सगळं मी तुझ्यासाठीच करत होतो गं."

"माहीत आहे," ही म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "पण तुम्ही रोज सकाळी पाव कापता, त्याच सुरीने लोणी घेता. लोण्याच्या डब्यात चुरा असतो. तेच लोणी माझ्या भाताला. मी सांगितलं होतं दोनदा."

सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, नवीन स्वयंपाकघर झालं की सगळं वेगळंच होईल.

"तुम्ही सुताराला विचारलंत, सेक्रेटरींना विचारलंत, गॅसवाल्या बाईंना विचारलंत," ती म्हणाली. "मला वेगळं कसं काढायचं ते सगळ्यांना विचारलंत. मी गहू सोडतो, एवढं काही तुम्हाला सुचलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेलो. पाव, बिस्किटं, पिठाचा डबा, सुरी, पोळपाट, पाव भाजायचं यंत्र, सगळं एका खोक्यात भरलं आणि वरच्या वहिनींच्या दारात नेऊन ठेवलं. त्यांना वाटलं, घरातल्या सामानाची वाटणी सुरू झाली. त्या पुन्हा रडल्या. मी समजावलं नाही. खाली येऊन फळ्या, कोपरे, डब्यांची झाकणं गरम पाण्याने धुतली, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज न देता घरी राहिलो.

आठ दिवसांनी गॅस ऑफिसचं पत्र आलं. 'प्रत्यक्ष चौकशी केली. उभय पतिपत्नी विभक्त असल्याची खात्री झाली. जोडणी मंजूर.' माझे शेकडो अर्ज मंजूर झालेत, लोकांचे हजारो मी केलेत. असा चोख शेरा मी कुठे वाचला नव्हता.

रक्ताची तपासणी मी दोन महिने पुढे ढकलून घेतली. आकडा एकोणतीस आला. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "काय केलंत?" ही म्हणाली, "ह्यांनी पाव सोडला." डॉक्टरीणबाईंना वाटलं, अजून काही असेल, म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, हाडं आहेत तेवढी धरून ठेवू, गेलेली सगळी भरून येणार नाहीत. बोटांचं सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी जोडणी रद्द करण्याचा अर्ज लिहायला बसलो. नाव, पत्ता, जोडणी क्रमांक, सगळं झरझर झालं. 'रद्द करण्याचे कारण' या रकान्याशी आलो आणि हात थांबला. ही मशीनवर कोणाच्या तरी लहान मुलीचा झगा शिवत होती. सुईपासून बोट वाचवायला तिने टोकांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या.

मी म्हणालो, "मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. आईला. तिथल्या तिथे. आणि तुझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. ती तसं म्हणाली नाही. एक शिवण पुरी केली, झगा उलटा केला, दुसरी घेतली.

"मोठी आता तेहतीसची झाली असती," ती म्हणाली.

"मोठी?"

"मुलगी होती. नर्सने सांगितलं होतं मला."

हे मला माहीत नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात मी बिलाच्या खिडकीशी उभा होतो आणि बाहेर येऊन विचारलं होतं, की घरी कधी सोडतील.

मी पेन ठेवलं. खुर्ची उचलून तिच्या मशीनशेजारी नेली. विचारायला फार उशीर झालाय हे कळत होतं, तरी विचारलं.

"आणि धाकटं?"

तिने पायाखालची पट्टी थांबवली.

"तीही मुलगीच," ती म्हणाली. "तिला मी बघितलं होतं. जावळ होतं तिला."

मग ती बोलत राहिली, अंधार पडेपर्यंत. अर्ज त्या दिवशी लिहून झाला नाही.